वाचक विचारतात : सर्च इंजिनांची तुलना करायची तरी कशी?

सर्च इंजिनांविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. शोधपेटीत टाइप करायचे खास शब्द इथे देवनागरीत छापले असले, तरी ते रोमन अक्षरांतच टाइप करायचे आहेत.

प्रश्न : गूगलला पर्याय म्हणून बिंग, याहू, डकडकगो आणि इकोझिया अशी चार सर्च इंजिनं वापरून पाहिली. चारही ठिकाणी निकाल जवळपास तेच येतात. मग फरक काय?

नावं चार असली, तरी मूळ साठा बऱ्याच अंशी एकच आहे. सर्च इंजिनाचं काम तीन टप्प्यांत चालतं. क्रॉलर नावाचा प्रोग्राम एका पानावरून दुसऱ्या पानावर जात मजकूर गोळा करतो. त्यातून इंडेक्स तयार होतो, म्हणजे कोणता शब्द कोणकोणत्या पानांवर आहे याची उलटी सूची. तुम्ही शब्द टाकलात की या सूचीतून पानं निवडून त्यांचा क्रम लावला जातो, ते रँकिंग. पहिल्या दोन टप्प्यांचा खर्च प्रचंड असतो. त्यामुळे अनेक कंपन्या दुसऱ्याकडून तयार निकाल विकत घेतात आणि त्यावर आपलं पान, आपली धोरणं आणि आपल्या सोयी चढवतात.

याहूचाच इतिहास पाहा. 1994 मध्ये ते माणसांनी हाताने लावलेल्या यादीच्या रूपात सुरू झालं. 2000 ते 2004 या काळात गूगलचे निकाल दाखवले, मग स्वतःचं इंजिन आणलं आणि 2009 मध्ये मायक्रोसॉफ्टशी करार करून बिंगकडे गेलं. डकडकगोचे नेहमीचे निकाल मुख्यतः बिंगचे असतात. इकोझिया बिंग आणि गूगल या दोघांकडून निकाल घेत आलं आहे. स्टार्टपेज बराच काळ गूगलचेच निकाल तुमची ओळख पुढे न पाठवता दाखवत आलं आहे. स्वतःचा मोठा इंडेक्स असलेली इंजिनं मोजकी : गूगल, बिंग, रशियातलं यांडेक्स, चीनमधलं बायडू. लहान पण स्वतंत्र इंडेक्सवाल्यांत ब्रिटनचं मोजीक आणि 2021 मध्ये आलेलं ब्रेव्ह सर्च. ब्रेव्ह सुरुवातीला थोडे निकाल बिंगकडून घ्यायचं, 2023 मध्ये तेही थांबवलं.

म्हणून तुलनेआधी विचारायचा प्रश्न असा, की इंडेक्स कोणाचा? बिंग आणि डकडकगो यांची निकालांसाठी तुलना करणं म्हणजे बव्हंशी बिंगची बिंगशी तुलना. त्यांच्यातला खरा फरक मांडणी, जाहिराती आणि माहिती साठवण्याचं धोरण यांत आहे. हे अवलंबित्व किती नाजूक असतं ते ऑगस्ट 2025 मध्ये दिसलं. मायक्रोसॉफ्टने बिंगचे निकाल इतरांना पुरवणारी खुली सेवा त्या महिन्यात बंद केली आणि तिच्यावर चालणाऱ्या छोट्या सेवांना दुसरी सोय बघावी लागली.

दोन इंजिनं एकाच इंडेक्सवर आहेत का, हे घरबसल्या तपासता येतं. प्रसिद्ध विषय घेऊ नका. नामांकित व्यक्ती किंवा मोठ्या कंपनीचं नाव टाकलं, तर सगळीच इंजिनं तीच पानं देतात आणि काहीच कळत नाही. तीन-चार शब्दांचा आडवळणी प्रश्न घ्या, उदाहरणार्थ एखाद्या जुन्या यंत्राचा मॉडेल क्रमांक आणि त्यातला एक बिघाड. दोन्हीकडचे पहिले 10 पत्ते शेजारीशेजारी लिहा. असे पाच-सहा प्रश्न घेतल्यावर दर वेळी आठ-नऊ पत्ते जुळत असतील आणि क्रमही जवळपास तोच असेल, तर साठा एकच समजायला हरकत नाही.

प्रश्न : आमच्या वाचनालयातल्या संगणकांवर एकच सर्च इंजिन ठरवून द्यायचं आहे. सभासदांत मतभेद आहेत. मतदान न घेता नीट चाचणी कशी घ्यावी?

मतदान टाळताय ते योग्यच. नाव दिसलं की लोक निकालांना नव्हे, नावाला मत देतात. शिवाय वरच्या निकालावर आपला भरवसा वाजवीपेक्षा जास्त असतो. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गूगलच्या निकालांचा क्रम गुपचूप बदलून विद्यार्थ्यांपुढे ठेवला होता. कमी उपयोगाची पानं वर आली, तरी क्लिक वरच्यांवरच जास्त पडले. चाचणीत नाव आणि क्रम दोन्ही झाकायला हवेत, ते यासाठी.

आधी प्रश्न जमवा. किमान 25 हवेत आणि ते सभासदांनी गेल्या काही दिवसांत खरोखर शोधलेले असावेत. चाचणीसाठी मुद्दाम रचलेले नकोत. प्रश्न कोण निवडतो यावर निकाल फिरतो. 2012 मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘बिंग इट ऑन’ ही नाव झाकलेली तुलना जाहिरातीसाठी वापरली. पुढच्या वर्षी येल विद्यापीठातल्या अभ्यासकांनी ती पुन्हा करून पाहिली, तेव्हा संकेतस्थळाने सुचवलेले शब्द आणि लोकांनी स्वतः निवडलेले शब्द यांत फरक पडला. स्वतःच्या शब्दांवर गूगलला पसंती मिळाली, सुचवलेल्या शब्दांवर दोघं जवळपास बरोबरीत आले.

प्रश्नांत तीन प्रकार मिसळलेले असू द्या : ठरावीक संकेतस्थळ गाठायचे, माहिती मिळवायचे आणि काही काम उरकायचे (अर्ज भरणं, फाइल उतरवून घेणं). पहिल्या प्रकाराचे चार-पाच पुरेत, कारण तिथे सगळीच इंजिनं पास होतात. मराठीतून शोधलेले प्रश्न मात्र भरपूर ठेवा. प्रत्येक प्रश्नासमोर ‘काय मिळालं म्हणजे काम झालं’ हे एका ओळीत आधीच लिहून ठेवा. निकाल पाहिल्यावर लिहिलं, तर जे मिळालं तेच हवं होतं असं वाटू लागतं.

मग निकाल गोळा करा. एकाच संगणकावर, खाजगी खिडकीत, कोणत्याही खात्यात लॉग-इन न करता आणि सगळ्या इंजिनांवर तासाभराच्या आत. प्रत्येक इंजिनाच्या सेटिंगमध्ये प्रदेश आणि भाषा तीच ठेवा. हे राहून गेलं की एक इंजिन जवळची पानं देतं, दुसरं जगभरातली, आणि दोष रँकिंगच्या माथी जातो. जाहिराती, नकाशे, चित्रांच्या पट्ट्या आणि वर येणारं तयार उत्तर वगळून पहिले पाच साधे निकाल घ्या. शीर्षक, पत्ता आणि खालच्या दोन ओळी एका कोऱ्या फाइलमध्ये उतरवा. इंजिनांना अ, ब, क अशी अक्षरं द्या. कोणतं अक्षर कोणाचं, हे गुण देणाऱ्याला कळू देऊ नका, आणि दर प्रश्नाला पाचही निकालांची जागा उलटसुलट करा. मूळ क्रम वेगळ्या कागदावर राहील.

गुण 0 (निरुपयोगी), 1 (थोडं कामाचं) किंवा 2 (पूर्ण कामाचं). पान उघडून पाहून द्यायचे. नुसत्या शीर्षकावरून दिले तर आकर्षक मथळ्याची फसवी पानं जिंकतात. पान उघडत नसेल किंवा पैसे भरल्याशिवाय वाचता येत नसेल, तर 0.

बेरीज करताना घाई नको. समजा एका प्रश्नावर अ इंजिनाला मूळ क्रमाने 2, 0, 1, 0, 2 मिळाले आणि ब इंजिनाला 0, 2, 1, 2, 0. सरळ बेरीज दोघांची 5. पण अ ने कामाचं पान पहिल्याच जागी दिलं, त्याचं श्रेय त्याला मिळायला हवं. म्हणून प्रत्येक जागेचे गुण एका वजनाने गुणायचे. पाच जागांची वजनं 1, 0.63, 0.5, 0.43 आणि 0.39. या क्षेत्रातले संशोधक हीच रीत वापरतात. जागेच्या क्रमांकात 1 मिळवून त्याचा 2 पायाचा लॉगॅरिथम काढला आणि 1 ला त्याने भागलं की हे आकडे येतात. आता अ चे 2 + 0.5 + 0.78 म्हणजे 3.28 आणि ब चे 1.26 + 0.5 + 0.86 म्हणजे 2.62.

शेवटी 25 प्रश्नांपैकी किती अ ने जिंकले आणि किती ब ने, ते मोजा. बरोबरीचे सोडून द्या. समजा 20 उरले आणि अ ने 13 जिंकले. हा विजय वाटतो, पण नाणं 20 वेळा उडवलं तरी एकाच बाजूला 13 किंवा त्याहून जास्त पडणं साधारण चारांतून एकदा घडतं. 15 विरुद्ध 5 झालं तर गोष्ट वेगळी. नुसत्या योगायोगाने तेवढी तफावत पडण्याची शक्यता सुमारे 4 टक्के. तेवढा फरक दिसला नाही, तर निकालांच्या बाबतीत दोन्ही सारखीच माना आणि जाहिराती, मांडणी, खाजगीपणा यांवर निर्णय घ्या. आमच्या मते अशा चाचण्यांत बहुतेकदा हेच घडतं, आणि त्यात निराश होण्यासारखं काही नाही. आणखी एक : प्रकारांनुसार आकडे वेगळे काढून बघा. एकूण बेरजेत मागे पडलेलं इंजिन मराठी प्रश्नांत पुढे असू शकतं.

प्रश्न : एका इंजिनावर ‘सुमारे 4 कोटी निकाल’ येतात, दुसऱ्यावर 60 लाख. पहिल्याचा साठा मोठा, असं समजावं का?

नाही. तो आकडा मोजलेला नसतो, अंदाज असतो. तोच शब्द थोड्या वेळाने शोधला तरी तो बदलतो. कधीकधी आणखी एक शब्द जोडल्यावर वाढतोसुद्धा, जे खऱ्या मोजणीत शक्यच नाही. निकालांच्या शेवटच्या पानापर्यंत जाऊन पाहा. काहीशे निकालांनंतर यादी संपते. तुलनेत हा आकडा धरूच नका.

प्रश्न : पूर्वी जाहिरात कुठली आणि निकाल कुठला ते लगेच कळायचं. आता कळत नाही. डोळ्यांचा दोष की मांडणीचा?

मांडणीचा. गूगलवर पूर्वी जाहिरातींच्या मागे फिक्या रंगाचा पट्टा असायचा. 2013 च्या सुमारास तो गेला आणि प्रत्येक जाहिरातीपाशी छोटी पिवळी पाटी आली. 2016 मध्ये ती हिरवी झाली, म्हणजे शेजारच्या पत्त्याच्याच रंगाची. 2020 मध्ये पाटीऐवजी काळ्या अक्षरांत ‘जाहिरात’, तर 2022 पासून ‘प्रायोजित’ असा शब्द. प्रत्येक बदल छोटा, पण दिशा एकच : जाहिरात निकालासारखी दिसावी. इतर इंजिनंही फार मागे नाहीत.

इंजिनांची या बाबतीत तुलना करायची तर मोजा. खिडकीचा आकार तोच, झूम 100 टक्के. ज्यात काही विकत घ्यायचं आहे असे 10 शब्द टाका आणि न सरकवता किती साधे निकाल दिसतात ते लिहा. मोबाइलवर पहिला साधा निकाल किती वेळा अंगठा सरकवल्यावर येतो ते मोजा. हा आकडा वापरणाऱ्याच्या रोजच्या त्रासाच्या फार जवळचा आहे; निकाल कितीही चांगले असले तरी ते तिसऱ्या पडद्यावर असतील तर उपयोग काय?

तयार उत्तरांचीही अशीच परीक्षा घ्या. गूगलने मे 2024 मध्ये अमेरिकेत एआयने लिहिलेला सारांश निकालांच्या वर द्यायला सुरुवात केली. अशा सारांशातलं एक ठोस विधान उचला, शेजारी दिलेला दुवा उघडा आणि ते विधान त्या पानावर खरंच आहे का ते बघा. कधी ते पानावर नसतं. कधी असतं पण अटीसह, आणि अट सारांशात गळलेली असते. औषधाची मात्रा, कायद्यातली मुदत, विजेची जोडणी अशा विषयांत मूळ पान उघडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सारांश नकोच असेल, तर गूगलच्या निकालांवरच्या पट्टीत ‘वेब’ हा पर्याय निवडा. दर वेळी निवडायचा नसेल, तर निकालांच्या पत्त्याच्या शेवटी ‘अँड’चं चिन्ह, यू-डी-एम ही तीन रोमन अक्षरं, बरोबरचं चिन्ह आणि 14 असं जोडलं की तेच पान उघडतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये स्वतःचं सर्च इंजिन जोडण्याची सोय असते, तिथे हा पत्ता कायमचा भरून ठेवता येतो. डकडकगोवर जाहिराती आणि एआयची उत्तरं दोन्ही सेटिंगमधून बंद करता येतात.

प्रश्न : मराठी शब्द एका ठिकाणाहून कॉपी करून टाकला तर निकाल येतात, स्वतः टाइप केला तर वेगळेच येतात. शुद्धलेखन तर तेच आहे!

डोळ्यांना तेच, संगणकाला नाही. ‘दऱ्या’ आणि ‘दर्‍या’ हे दोन शब्द पाहा. छपाईत एकसारखे दिसतील. पहिल्यात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरलं आहे. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं एक जोडचिन्ह आहे. खात्री करायची तर दोन्ही स्प्रेडशीटच्या दोन घरांत चिकटवा आणि अक्षरं मोजणारं ‘लेन’ फंक्शन लावा : पहिल्याला 5 येईल, दुसऱ्याला 6. ‘ॲप’, ‘अ‍ॅप’ आणि ‘ऍप’ यांचंही असंच. कीबोर्ड बदलला की आतली घडण बदलते.

मोठी इंजिनं असे बरेच भेद सांभाळून घेतात, पण सगळे नाही. लहान इंजिनं त्याहून कमी. शब्द अवतरणात टाकला की हा भेद जास्त जाणवतो. म्हणून महत्त्वाच्या शोधात दोन्ही रूपं अवतरणांत लिहून मध्ये मोठ्या रोमन अक्षरांत ‘ओआर’ टाका.

दुसरी अडचण विभक्तीची. ‘विहीर’ शोधताना ‘विहिरीला’, ‘विहिरींचं’ असलेली पानं यायला हवीत. त्यासाठी इंजिनाने प्रत्यय सोडवावा लागतो, आणि मूळ शब्दातला ‘ही’ सामान्यरूपात ऱ्हस्व होतो हेही ओळखावं लागतं. तुलनेसाठी ही झकास कसोटी आहे. असे 10 शब्द घ्या, प्रत्येकाची मूळ आणि प्रत्यय लागलेली रूपं वेगवेगळी शोधा आणि पहिल्या 10 पत्त्यांत किती समान येतात ते पाहा. समान जास्त, तर इंजिनाला भाषा जास्त कळते.

आणि काही जुनी पीडीएफ कोणत्याच इंजिनात मराठीतून सापडत नाहीत. ती युनिकोडपूर्व, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीचे समान संकेत रूढ होण्याआधीच्या फॉन्टमध्ये असतात. पडद्यावर मराठी दिसतं, आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. पानातला मजकूर कॉपी करून साध्या फाइलमध्ये चिकटवला की लगेच कळतं.

प्रश्न : अवतरणचिन्हं आणि वजा चिन्ह सगळीकडे सारखंच चालतं का?

नाही, आणि इथे बरेच जण फसतात. गूगलवर अवतरणातला मजकूर जसाच्या तसा शोधला जातो. अवतरण न वापरता सगळे शब्द जसेच्या तसे हवे असतील, तर ‘टूल्स’मध्ये ‘व्हर्बेटिम’ निवडा. अधिकचिन्हाचा ‘हा शब्द हवाच’ हा जुना अर्थ 2011 मध्ये गेला. वजा चिन्ह आणि पुढचा शब्द यांत जागा सोडू नका. एकाच संकेतस्थळात शोधायची आज्ञा म्हणजे ‘साइट’ आणि विसर्गासारखी दोन टिंबं; त्यांच्यानंतरही नको. जागा सुटली की आज्ञा साधा शब्द बनते आणि निकाल बिघडतात. डकडकगोवर वजा चिन्हाचा अर्थ ‘हा शब्द कमी असलेले निकाल’ असा सौम्य आहे, पूर्ण वगळणी नव्हे. बिंगवर ‘ओआर’ आणि ‘नॉट’ मोठ्या अक्षरांतच लिहावे लागतात. तारखेसाठी गूगलवर ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ चालतात, उदाहरणार्थ ‘आफ्टर:2022’. पानाची साठवलेली प्रत दाखवणारं ‘कॅश’ 2024 मध्ये गूगलने काढून टाकलं; जुन्या प्रतीसाठी आता वेबॅक मशीन, म्हणजे पानांच्या जुन्या प्रती जपणारं संकेतस्थळ.

प्रश्न : खाजगी खिडकीत शोधलं तर सर्च इंजिनाला मी कोण ते कळत नाही ना?

खाजगी खिडकी फक्त तुमच्या संगणकावरची नोंद पुसते. आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, समोर जातोच, त्यावरून ठिकाणाचा अंदाज बांधला जातो. त्याच खिडकीत खात्यात लॉग-इन केलं तर ओळखही गेली. खाजगीपणा हवा असेल, तर खिडकी नाही, इंजिनाचं धोरण बघा : आयपी पत्ता साठवतात का, आणि निकाल पुरवणाऱ्याकडे तो पुढे पाठवतात का?

प्रश्न : आमच्या संस्थेचं नवं संकेतस्थळ गूगलवर दिसतं, पण डकडकगोवर काही केल्या येत नाही. त्यांच्याकडे नोंदणी कुठे करायची?

डकडकगोकडे अशी नोंदणी शोधत बसू नका. तिथले निकाल मुख्यतः बिंगचे, म्हणून काम बिंगकडे. बिंग वेबमास्टर टूल्समध्ये खातं उघडा, संकेतस्थळ तुमचंच आहे हे सिद्ध करा आणि साइटमॅपचा, म्हणजे पानांच्या यादीच्या फाइलचा, पत्ता द्या. त्याआधी सर्व्हरच्या नोंदी उघडून ‘बिंगबॉट’ हे नाव शोधा. ते नसेलच, तर क्रॉलर अजून आलेला नाही. ते आहे पण शेजारी 403 (‘प्रवेश नाकारला’ हा संकेत) आहे, तर सर्व्हरपुढची सुरक्षा भिंत त्याला परत पाठवते आहे. हा प्रकार वारंवार दिसतो, कारण भिंत लावणाऱ्याने गूगलला सूट दिलेली असते आणि इतरांचा विचारच केलेला नसतो. सूट देताना नुसत्या नावावर जाऊ नका, नाव कोणीही लावू शकतं. आयपी पत्त्याची उलटी तपासणी केल्यावर ‘सर्च डॉट एमएसएन डॉट कॉम’वर संपणारं नाव आलं आणि त्या नावावरून पुन्हा तोच आयपी मिळाला, तरच तो खरा.

नवी पानं लवकर दिसावीत म्हणून इंडेक्सनाउ वापरा. 2021 मध्ये बिंग आणि यांडेक्स यांनी ते सुरू केलं; गूगल त्यात नाही. किमान 8 अक्षरांची किल्ली तयार करून त्याच नावाची साधी मजकूर फाइल संकेतस्थळाच्या मुळाशी ठेवायची, आत तीच किल्ली लिहायची. मग पान बदललं की त्याचा पत्ता आणि किल्ली ठरावीक दुव्यावर पाठवायची. पान नोंदलं गेलं की नाही ते बिंगवर ‘साइट’ आज्ञेने पाहा. तिथे आलं की डकडकगोवरही शोधून बघा.